प्रकाशसंश्लेषणाचे बहुपर्यायी प्रश्न: तुमचे अनुभव सांगा

मी देवगडला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. प्रकाशसंश्लेषण अकरावीच्या पुस्तकात येतं, पण नीट आणि सीईटीला ते सोडून चालत नाही. मुलं पाठांतर चोख करून येतात आणि पर्याय वाचताना घुटमळतात, कारण चारही पर्यायांतले शब्द ओळखीचेच असतात. माझं ठाम मत आहे की परसातली आणि शेतातली झाडं निरखून पाहिलेल्या मुलाला हा धडा जास्त चांगला समजतो. तुम्हाला कुठला प्रश्न कशामुळे सुटला, तेवढं लिहा. गुण किती पडले ते नको.

शिक्षिका, देवरुख
सर, माझा अनुभव नाचणीचा. ‘सी-४ वनस्पतींत रुबिस्को कुठे असतं?’ असं विचारलं की मुलं पटकन मेसोफिल, म्हणजे पानाच्या आतल्या भरावाच्या पेशी, म्हणतात. (सी-४ म्हणजे ज्यांत पहिला स्थिर पदार्थ चार कार्बनचा बनतो त्या वनस्पती; रुबिस्को म्हणजे साखर बनवण्याच्या चक्रात कार्बन डायऑक्साइड जोडणारं विकर.) म्हणून एका पावसाळ्यात वरकस जमिनीतली नाचणी आणि खालच्या खाचरातला भात, दोन्हींची पानं वर्गात आणली. ब्लेडने जमेल तितके पातळ छेद घेतले आणि पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली लावले. नाचणीच्या शिरेभोवती मोठ्या पेशींचं कडं दिसतं, हरितलवकांनी गच्च भरलेलं. भाताच्या शिरेभोवतीच्या पेशी मात्र फिकट. ते कडं म्हणजे बंडल शीथ, आणि रुबिस्को तिथे. मेसोफिलमध्ये पेप कार्बोक्सिलेज हे दुसरं विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि पहिला स्थिर पदार्थ ऑक्झॅलोअ‍ॅसेटिक आम्ल बनतो. भात सी-३, त्यात तो तीन कार्बनचा ३-पीजीए. ज्यांनी ते कडं डोळ्यांनी पाहिलं, त्यांना पुढे प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी अडचण आली नाही.

बारावी, वेंगुर्ले
मॅडम, आमच्याकडे असंच पानफुटीचं झालं. आजी म्हणायची, सकाळचं पान आंबट लागतं, संध्याकाळी तेवढं नाही. कॅम वनस्पतींची, म्हणजे रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवणाऱ्या वनस्पतींची, पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) रात्री उघडतात आणि मॅलिक आम्ल पेशीतल्या रिक्तिकेत साठतं, हे वाचलं तेव्हा आजीचं बोलणं आठवलं. अननस आणि बांधावरची घायपात याच गटातली.

नीटची तयारी, चिपळूण
आकड्यांचे प्रश्न एकाच जागेवरून सोडवते. साखर बनवण्याच्या चक्रात एका कार्बन डायऑक्साइडला ३ एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि २ एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा रेणू) लागतात. ग्लुकोजला सहा फेऱ्या, म्हणून १८ आणि १२. सी-४ मध्ये दर रेणूमागे २ एटीपी जादा, म्हणून ३०.

बीएस्सी, गुहागर
ऑक्सिजन पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून? समीकरणात डावीकडे पाण्याचे १२ रेणू का, हे कळलं की उत्तर आपसूक मिळतं. ऑक्सिजनचे ६ रेणू म्हणजे १२ अणू, आणि ते सगळे त्या १२ पाण्यांचे. व्हॅन नील या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी जिवाणूंवरून तर्क केला होता: हायड्रोजन सल्फाइड वापरणारे जिवाणू गंधक बाहेर टाकतात, ऑक्सिजन नाही. पुढे १९४१ मध्ये रुबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचं जड रूप) वापरून ते दाखवलं. ‘व्हॅन नील यांनी काय सुचवलं’ हा प्रश्न मला फार आवडतो, त्यात माणूस विचार कसा करतो ते दिसतं.

पालक, राजापूर
लेकीच्या सराव प्रश्नपत्रिकेत विधान होतं, ‘लाल पानांत प्रकाशसंश्लेषण होत नाही.’ ती अडली. मी चुलीवर लाल माठाची पानं उकळून दाखवली. लाल रंग पाण्यात उतरला, पानं हिरवट झाली. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते आतच होतं. मग तिनेच मला सांगितलं, की माठ द्विदल असूनही सी-४ आहे, ‘सी-४ म्हणजे गवतंच’ हे चूक.

मालवण
ताई, आमच्या खडकांवरही असंच आहे. सुकतीला (ओहोटीला) लाल शेवाळ उघडं पडतं. त्याचा लाल रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याचा, ते खोल पाण्यात पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाश शोषतं आणि ऊर्जा क्लोरोफिल-ए या मुख्य हरितद्रव्याकडे पोहोचवतं. म्हणून ‘लाल शेवाळापासून आंब्यापर्यंत सर्वांत समान रंगद्रव्य कोणतं’ विचारलं तर क्लोरोफिल-ए लिहा, बी नाही. आणि सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटला बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १ आहे, तिथे किमान दोन पर्याय खात्रीने खोडता आले तरच उत्तर द्या.