मदत हवी आहे: श्वास सोडल्यावर फुप्फुसं पूर्ण रिकामी का होत नाहीत?

मुलीला श्वसन समजावताना बाटली आणि फुग्याचा प्रयोग केला. तळाचं रबर ओढलं की आतला फुगा फुगतो. तसंच श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) आकुंचन पावून खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतला दाब घटतो आणि हवा आत शिरते. इथपर्यंत तिला छान कळलं. मग तिने विचारलं, "रबर सोडल्यावर फुगा पार चिमटतो, मग आपली फुप्फुसं का नाही चिमटत?"

जोर लावून श्वास सोडला तरी मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत साधारण १२०० मिलिलिटर हवा उरतेच. ती नेमकी कशामुळे टिकते? फुप्फुसांभोवतीच्या दुहेरी आवरणातल्या ऋण (बाहेरच्या हवेपेक्षा कमी) दाबामुळे, की वायुकोशांतल्या (फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांतल्या) पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रव्यामुळे? की दोन्ही मिळून? तिला पटेल असं सोपं करून कुणी सांगाल का? एखादा प्रयोग सुचवलात तर फारच बरं होईल.