जुन्या पळसदेवचा नकाशा कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं मूळ गाव पळसदेव, ता. इंदापूर. उजनी धरण 1980 ला पूर्ण झालं नि जुनं गाव पाण्यात गेलं, आजोबांनी वाड्याची दारं-चौकटी बैलगाडीतून वर आणली, त्यातली एक अजून आमच्या गोठ्याला आहे. मग नव्या गावठाणात पुणे-सोलापूर रोडवर चुलत्यांनी चहाचं हॉटेल टाकलं, ते चांगलं चालायचं पण रोड चौपदरी झाला आणि आता गाड्या सुसाट जातात, थांबतंय कोण! उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ दिसतं, पण आमचा वाडा नेमका कुठे होता ते सांगणारं घरात कोणी राहिलं नाही. बुडालेल्या गावठाणाचा जुना नकाशा भूमी अभिलेखला मिळतो का पुनर्वसनकडे? अर्ज कसा करायचा? कोणी काढला असेल तर प्लीज सांगा.