दाढदुखी, पेनकिलर आणि तो 'जंतू मरतात'वाला फॉरवर्ड

सुहास: सकाळपासून तीन ग्रुपवर हा मेसेज फिरतोय की आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक घेतलं की तोंडातले जंतू मरतात, म्हणून हिरडी सुजली तर आधी पाच दिवस गोळी घ्या, डेंटिस्टकडे पळू नका. वृषालीताई हे खरंय का? आमच्या बाबांची दाढ आठवडाभर ठणकत होती आणि ते हेच वाचून बसलेत

वृषाली (डेंटिस्ट): सुहास, ह्यात खऱ्याचा अंश आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. आधी सांग, बाबांना ताप आहे का, गाल सुजलाय का?

सुहास: ताप नाही. गाल जरासा सुजलाय. पण दुखायचं कालपासून एकदम थांबलंय, म्हणून तर नको म्हणतायत जायला

वृषाली: आजच घेऊन जा. उद्यावर टाकू नकोस. आठवडाभर ठणकणारी दाढ अचानक शांत झाली की बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते, जंतू तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. आणि नस मेली की त्या पोकळीत रक्तच पोचत नाही, मग पोटात घेतलेली कुठलीही गोळी, पेनकिलर असो की अँटिबायोटिक, तिथे जाणार कशी? ती जागा आतून साफच करावी लागते, म्हणजे रूट कॅनॉल, नाहीतर दाढ काढायची. एक्स-रे काढला की कळेल

सुहास: ओके ताई, ऑफिसमधून निघतोच

संदीप: वृषाली, त्या मेसेजमधलं जंतूंचं पण सांग ना. मी फार्माच्या लॅबमध्ये आहे, डायक्लोफेनॅकने बॅक्टेरिया वाढायचे थांबतात असे पेपर मी स्वतः वाचलेत, आपल्याच कोलकात्याच्या जादवपूर युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी ह्यावर बरंच काम केलंय

वृषाली: हो, ते काम खरं आहे. 2000 च्या सुमाराला त्यांनी दाखवलं की डायक्लोफेनॅक बॅक्टेरियाच्या डीएनए बनण्यात अडथळा आणतं. नंतर 2018 मध्ये जर्मनीत हायडलबर्गला हजाराहून जास्त औषधं आतड्यातल्या 40 प्रकारच्या बॅक्टेरियांवर तपासली, तर जी औषधं जंतूंसाठी बनवलेलीच नाहीत त्यातल्याही साधारण चौथा हिस्सा औषधांनी निदान एकातरी बॅक्टेरियाची वाढ रोखली. म्हणजे आपण ज्याला नुसती दुखण्याची गोळी म्हणतो तिचा आपल्या अंगातल्या जंतूंशी संबंध येतोच. पण संदीप, किती डोसला ते तू सांग, ते तुझं क्षेत्र

संदीप: बरोबर, खरी गोम तिथेच आहे. लॅबमध्ये डायक्लोफेनॅकला जंतू रोखायला एका मिलिलिटरमागे साधारण 50 ते 100 मायक्रोग्रॅम, कधी त्याहून जास्त लागतं. आणि 50 मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तात जास्तीत जास्त किती मिळतं, तर 1-2 मायक्रोग्रॅम, त्यातलंही 99 टक्क्यांच्या वर रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं. थुंकीत तर त्याहून कितीतरी कमी उतरतं. जंतू मरतील एवढं तोंडात पोचवायचं म्हणून गोळ्या वाढवल्या तर आधी पोट आणि किडनी जाईल

वृषाली: आणि हे आकडे पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या जंतूंचे. दातावर ते तसे नसतात, एकमेकांना धरून चिकट थर करून बसतात, नखाने दात खरवडला की जे पांढरं पिवळसर येतं ना तेच. त्या थरातल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंपेक्षा कितीतरी पट जास्त औषध लागतं. ब्रशने आणि आमच्या क्लीनिंगनेच तो निघतो

लताकाकू: मग गोळीने हिरडीची सूज उतरते ती कशी गं? मला तर दोन दिवसात फरक पडतो

वृषाली: काकू, सूज जंतू स्वतः आणत नाहीत, त्यांच्याशी लढायला आपलं शरीर आणतं. त्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतं, ही गोळी ते बनणंच कमी करते (अ‍ॅस्पिरिनवर हे 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, पुढे 1982 चं नोबेल मिळालं). त्याच रसायनामुळे दाताभोवतीचं हाड पण झिजतं, म्हणून 1980 च्या दशकात अमेरिकेत हिरड्यांच्या पेशंटना फ्लर्बिप्रोफेन नावाची ह्याच जातीची गोळी रोज देऊन पाहिली. हाड झिजण्याचा वेग खरंच कमी झाला, पण गोळी बंद केल्यावर फायदा टिकला नाही. आणि कायम घेत राहायची म्हटलं तर पोटात अल्सर, बीपी, किडनी, म्हणून तो उपचार रूढ झालाच नाही.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हिरडीचे जे वाईट जंतू आहेत, पॉर्फिरोमोनास वगैरे, ते साखरेवर नाही जगत, सुजलेल्या हिरडीतून जो द्रव आणि रक्त झिरपतं त्यातल्या प्रथिनांवर आणि लोहावर जगतात. म्हणजे सूज हेच त्यांचं अन्न. म्हणून सूज कमी झाली की त्यांची उपासमार होऊ शकते, आणि संशोधन आता त्या दिशेने चाललंय, की शरीराला सूज स्वतःहून आवरायला लावायची. पण त्यासाठी बनवलेली औषधं वेगळी आहेत, मेडिकलमधून आणलेली कॉम्बीफ्लॅम ते काम करत नाही. काकू, तुमची सूज दोन दिवसात उतरते पण परत येते ना?

लताकाकू: येते गं, दर महिना दोन महिन्यांनी

वृषाली: मग खाली मैल साचलाय. ह्या आठवड्यात या, क्लीनिंग करू. आणि शुगर शेवटची कधी तपासली? वारंवार हिरडी सुजणाऱ्यांनी ती बघायचीच

लताकाकू: येते. मी तर अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवते, आमच्या आईकडे तसंच करायचे

वृषाली: नको नको काकू, ते आजपासून बंद. ते अ‍ॅसिड आहे, हिरडी भाजते, कातडी पांढरी पडून सोलून निघते आणि त्या जखमेत जंतूंना आयतं घर मिळतं. गोळी पाण्याबरोबर गिळायचीच असते

नाना: माझी इकोस्प्रिन 75 (रक्त पातळ ठेवायची कमी डोसची अ‍ॅस्पिरिन) चालू आहे, स्टेंट घातल्यापासून. दाढ काढायची तर चार दिवस आधी बंद करतो, चालेल ना?

वृषाली: नाना, स्वतःहून अजिबात बंद करू नका! प्लेटलेटवर तिचा परिणाम 7 ते 10 दिवस राहतो, चार दिवसांत तो पूर्ण जात नाही आणि स्टेंट बंद पडायचा धोका मात्र अंगावर येतो. रक्त जरा जास्त वेळ येईल, ते आम्ही दाबून, टाका घालून थांबवतो. हार्टच्या डॉक्टरांना विचारून तारीख ठरवू

सुहास: ताई आत्ताच दाखवलं, मुळाशी पस आहे, दाढ उघडून दिलीय. थँक्यू

वृषाली: छान झालं वेळेत गेलात. रात्री सूज हनुवटीखाली उतरली, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला तर माझा फोन लागायची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, त्या सुजेने श्वास अडकू शकतो. पेनकिलरने ताप दबतो, म्हणून नुसत्या थर्मामीटरवर विसंबू नका

अमृता: ताई माझ्या लेकीला दम्याचा पंप आहे, तो पण सुजेवरचाच ना? जिभेवर पांढरं आलंय तिच्या

वृषाली: हो, त्यात स्टेरॉइड असतं, ते घशात आणि जिभेवर बसतं आणि तिथे बुरशी वाढते, ते बॅक्टेरिया नव्हेत. उद्या दाखव, थेंब किंवा जेल देता येतं. पंप बंद करू नको. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लाव आणि प्रत्येक वेळी पफ झाल्यावर खळखळून चूळ भरायची, ते पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही