'साइक'ला मराठीत काय म्हणावं?

पाणंद: एका अंकासाठी लॅक्स्टनवरचा लेख मराठीत करतोय. नॉटिंगहॅमशरमधलं छोटं गाव. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी शेतांना कुंपणं पडली, इथे जुनी रीत अजून टिकून आहे. तीन मोठी शेतं, त्यांत ज्याचे त्याचे लांबट पट्टे, मध्ये कुंपण नाही. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. ओल किंवा उतार फार म्हणून जिथे नांगर चालत नाही तिथे गवत राखतात, ते साइक. मी 'कुरण' लिहिलं, संपादकांनी 'गायरान' केलं. सासऱ्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "गायरान कधी कुणाच्या वावराच्या पोटात असतं का?"

सातबारा: सासरेबुवांनीच उत्तर दिलंय की. पोटात आहे ना? मग पोटखराबा, शेतातला न पिकणारा तुकडा. तलाठ्याला विचारा.

निर्मळ: 'खराब' बाहेरून आलेला शब्द. 'तृणपट्टी' म्हणायला काय हरकत आहे?

सातबारा: तृणपट्टीत म्हैस शिरायची नाही हो. आणि 'तलाठी'ला काय म्हणता?

पाणंद: पोटखराबा आवडला. पण त्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. पैसे देणाऱ्या जमिनीला खराबा कसं म्हणू?

सातबारा: सारा बसत नाही म्हणून खराबा. गवत उगवत नाही असं कुठे म्हटलंय? आमच्या पोटखराब्यातल्या करवंदांवर आख्खी भावकी भांडते.

धातुपाठ: साइक म्हणजे मुळात ओहोळ, जुन्या इंग्रजीतला शब्द. मला तर त्यात 'सिच्' धातू स्पष्ट ऐकू येतो. शिंपणे, सिंचन, साइक.

निर्मळ: ऐकू येणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. उद्या 'सायकल'ही त्यातच बसवाल.

वऱ्हाडकर: आमच्याकडे धुऱ्यावरचं गवत विकतात. धुरा लिहा ना.

पाणंद: धुरा दोन वावरांच्या मध्ये. साइक चांगली रुंद असते, शेतातून नागमोडी जाते. 1635च्या नकाशातही तिथले पट्टे एकेक करून दाखवलेत. आता दुसरा पेच. नोव्हेंबरअखेर 12 पंच गव्हाचं शेत फिरून बघतात, कुणी साइकवर किंवा वाटेवर नांगर घातलाय का. नंतर 'कोर्ट लीट', म्हणजे गावचं जुनं न्यायालय, भरतं, दंड होतो. 'गोतसभा' लिहू?

मोडीवाला: नको. गोतसभेत पाटील, देशमुख, बलुतेदार बसायचे, वतनाचे तंटे तुटायचे, महजर (निवाडापत्रं) व्हायचे. नांगराच्या चार तासांसाठी, म्हणजे चार रेघांसाठी, एवढा थाट?

सातबारा: थाट असू द्या. तो गुन्हा आपल्या ओळखीचाच निघाला. याला 'बांध कोरणे' म्हणतात. दरवर्षी एक तास.

वऱ्हाडकर: धुरा कोरणे.

निर्मळ: आमच्याकडे 'बांध रेटणे'. कोरायला तो काय दात आहे?

सातबारा: रेटणं वेगळं. रेटणारा उघड भांडतो, कोरणारा राम राम करून जातो.

पाणंद: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. साइकचं काय?

वऱ्हाडकर: सातबारा, तुमच्याकडे 'तास' पुल्लिंगी की नपुंसकलिंगी?