ताम्रपट, शिळाछाप की नुसते चित्र?

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतील आरंभीच्या वसाहतकाळातल्या सचित्र प्रवासग्रंथांवर लिहिताना ‘प्लेट’ (ग्रंथात स्वतंत्र पानावर येणारे छापील चित्र) या शब्दाच्या मराठी प्रतिशब्दापाशी अडलो आहे. सॅम्युएल डॅनियल यांच्या ‘आफ्रिकन सीनरी अँड ॲनिमल्स’ (१८०४-०५) या ग्रंथातील ३० रंगीत ॲक्वाटिंटना ‘जलरंगातील ताम्रपट’ म्हणावे का?

उत्तर : दोन्ही शब्द टाळावेत. ‘ताम्रपट’ म्हटले की मराठी वाचकाला राजाचे दानपत्र आठवते. शिवाय तिथे खुद्द तांब्याचा पत्रा अभिप्रेत असतो, इथे मात्र पत्र्यावरून कागदावर उतरलेला छाप. ‘जलरंग’ तर सरळ फसवा आहे. ॲक्वाटिंटसाठी पत्र्यावर राळेची बारीक पूड भुरभुरवून ती तापवून चिकटवतात आणि मग आम्ल कणांमधली उघडी जागाच तेवढी खाते, त्यामुळे रेघेऐवजी पसरट छटा उमटते आणि आभाळ किंवा दूरचे डोंगर विरळ होत जाताना दाखवता येतात. रंग पुष्कळदा नंतर हाताने भरत. भिंगाखाली ही कणदार जाळी दिसते, आणि कागदाची कड छाटलेली नसेल तर चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला लागते. मी ‘ताम्रमुद्रित चित्र’ म्हणेन आणि ॲक्वाटिंट हे नाव तसेच ठेवीन.

पण हा शब्द सगळ्याच ग्रंथांना लावू नये. मुंबई इलाख्याच्या लष्करातले अभियंता विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस यांनी १८३६-३७ मध्ये केलेल्या आफ्रिकेच्या सफरीचा वृत्तांत १८३८ मध्ये आधी मुंबईत छापला गेला, आणि त्यांच्या १८४० च्या वन्यप्राणिचित्रांच्या लंडनी ग्रंथातील चित्रे तांब्यावरची नसून दगडावरची आहेत. त्यांसाठी ‘शिळाछाप’ हा आपला रुळलेला शब्द आहे. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावरच.

पुन्हा प्रश्न : मग तंत्र कोणतेही असो, ‘प्लेट’ला एकच शब्द नाही का?

उत्तर : ‘चित्रपान’ चालेल. असे पान मजकुरापासून वेगळे छापून बांधणीच्या वेळी आत घालत, त्याची मागची बाजू बहुधा कोरी असे आणि पृष्ठांकात ते सहसा मोजत नसत. म्हणून संदर्भ देताना ‘पृष्ठ ७’ न लिहिता ‘चित्रपान ७’ असेच लिहावे.