मदत हवी आहे: वसाहतीतल्या काँक्रीट शिल्पांची डागडुजी

स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिस या नव्या शहरात डेव्हिड हार्डिंग 1968 ते 1978 नगर-कलाकार (शहर उभारणाऱ्यांनी नेमलेले कलाकार) होते. शिल्पं बांधकामासोबतच, त्याच काँक्रीटमधून घडत. स्टॅन बॉनर यांचे पाणघोडे त्यातलेच. शहर उभारणारं महामंडळ पुढे विसर्जित झालं, शिल्पं मात्र राहिली. खरी गोम देखभालीची आहे.

अशाच एका वसाहतीतल्या शिल्पांसाठी कामाचा मसुदा करतो आहोत. पातळ भागांत सळीवर जेमतेम 15-20 मिमी काँक्रीट आहे. कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची सळीला जपणारी अल्कता जाणं) तिथवर पोचलं की सळी गंजून फुगते आणि पापुद्रे सुटतात. ताज्या तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कता असली की गुलाबी होणारं द्रावण) फवारलं. गुलाबी झालं नाही, म्हणजे तिथली अल्कता गेली.

सुटा भाग काढून, सळीमागे 20 मिमी मोकळं करून, गंज घासून मग भरायचं, इथवर ठीक. अडतंय पुढे:

मूळ काँक्रीटपेक्षा कडक मसाला भरला तर सांध्याला चीर जाते. कमी ताकदीचा, पण खडी उघडी दिसेल असा मसाला कोणी वापरलाय का? प्रमाण सांगा.

मुलं चढतात तिथे सिलिकेट रंग (ओल बाहेर जाऊ देणारा खनिज रंग) टिकतो का? (ऑइलपेंट सुचवू नका, ओल आत कोंडते.)

आणि कलाकाराच्या करारात देखभालीचं कलम कोणाकडे असेल तर मजकूर द्या.