सुप्त दगडी ओळखणाऱ्या यंत्रासाठी बायरॅकचं 'बिग' अनुदान: अर्ज कसा बांधायचा?

कासतपासणी
नमस्कार. सांगलीतली दोघांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. नोंदणीला 14 महिने झालेत, स्टार्टअप इंडियाची मान्यता आहे, सरकारी पैसा अजून कुठलाच घेतलेला नाही. गाईच्या चारही सडांच्या दुधाची विद्युतवाहकता मोजून सुप्त दगडी (बाहेरून लक्षणं न दिसणारा कासदाह) ओळखणारं, हातात धरायचं यंत्र बनवतोय. ब्रेडबोर्डवरचा (सुटे भाग तात्पुरते जोडायच्या पाटीवरचा) नमुना चालतो. 60 सडांचे आकडे हाताशी आहेत, सीएमटीशी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, गोठ्यातच होणारी दुधाची चाचणी) ताडलेले.

बिगच्या (बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या नवउद्योग अनुदानाच्या) पुढच्या फेरीत अर्ज टाकायचा विचार आहे. तीन प्रश्न:
1. एवढ्या आकड्यांवर अर्ज टिकेल का? प्रस्तावात नेमकं काय सिद्ध करू म्हणायचं?
2. बिग आधी घ्यावं, की निधी-प्रयास किंवा स्टार्टअप इंडिया सीड फंड या दुसऱ्या सरकारी योजना?
3. 50 लाखांचं अंदाजपत्रक कसं मांडायचं?

प्रयोगवही
पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण असे अर्ज बहुतेक तिथेच अडतात. 'स्वस्त, सुटसुटीत, शेतकऱ्याला परवडणारं यंत्र बनवू' हे उद्दिष्ट म्हणून चालत नाही. बिगचा पैसा कल्पना सिद्ध करण्यासाठी असतो, जास्तीत जास्त 50 लाख आणि 18 महिने. म्हणून 18 महिन्यांनी ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं आकड्यात देता येईल, असा एकच प्रश्न प्रस्तावाच्या मध्यभागी ठेवा. तुमच्यासाठी तो असा: 'दर मिलीलिटरला 2 लाख कायिक पेशी (दाह झाला की दुधात वाढणाऱ्या पेशी) या मर्यादेवर यंत्राची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बाधित सडांपैकी बरोबर पकडलेल्यांचं प्रमाण, 85 टक्के येते का?'

आता तुलना कशाशी, ते पाहा. सीएमटी पुरेशी नाही. त्यात डिटर्जंटमुळे पेशींचा डीएनए बाहेर पडून जेल बनते, आणि तिचा घट्टपणा माणूस डोळ्यांनी ठरवतो. दोन माणसं दोन गुण देतात. परीक्षक पहिल्याच पानावर हे विचारतील. संदर्भ म्हणून आयएसओ 13366-2 या आंतरराष्ट्रीय मानकातला फ्लुरोऑप्टोइलेक्ट्रॉनिक सेल काउंटर (पेशींना चमकणारा रंग देऊन त्या मोजणारं यंत्र) धरा. आहेत त्या 60 सडांपैकी 20 तरी नमुने अर्जाआधी अशा काउंटरवर पुन्हा तपासून घ्या. प्राथमिक पुरावा म्हणून 20 चोख आकड्यांचं वजन 60 अंदाजी आकड्यांपेक्षा जास्त.

नमुन्यांची संख्या मनाने लिहू नका, गणित दाखवा. 85 टक्के सेन्सिटिव्हिटी ±7 टक्क्यांच्या आत सांगायची तर 1.96² × 0.85 × 0.15 ÷ 0.07², म्हणजे सुमारे 100 बाधित सड लागतात. चारात एक सड बाधित धरला तर एकूण 400. पण एकाच गाईचे चार सड एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्यांच्यातला सहसंबंध 0.2 धरला तर डिझाइन इफेक्ट (नमुने किती पट वाढवायचे तो गुणक) 1 + 3 × 0.2 = 1.6, म्हणजे 640 सड, 160 गाई. हा एक परिच्छेद प्रस्तावात असला की वाचणाऱ्याला कळतं, समोरच्याला काम समजलंय. म्हैस यात घालू नका, तिच्या दुधाची मर्यादा वेगळी बसवावी लागेल.

आणि कटऑफ (बाधित की निरोगी हे ठरवणारा आकडा) ज्या गोठ्यांवर ठरवला, त्याच गोठ्यांवर यंत्र खरं उतरलं असं म्हणू नका. एका भागातल्या गाईंवर कटऑफ पक्का करायचा, तो तारखेनिशी लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या भागातल्या गाईंवर तपासायचा.

वाहकतेच्या भौतिकशास्त्रावर प्रश्न येणारच. कासेला दाह झाला की दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतं, त्यामुळे वाहकता वाढते. पण तापमानातल्या दर अंशामागे ती सुमारे 2 टक्के बदलते. थंडीच्या पहाटे धार काढल्यापासून मोजेपर्यंत दूध 8 अंशांनी निवलं, तर आकडा 16 टक्क्यांनी हलला, आणि रोगाने पडणारा फरक त्यात बुडू शकतो. म्हणून प्रत्येक कपात स्वतंत्र थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) दाखवा. नुसत्या आकड्यापेक्षा त्याच गाईच्या सर्वात कमी वाहकतेच्या सडाशी फरक काढा, जात आणि वेताचा टप्पा यांचा परिणाम बराचसा तिथेच जातो. इलेक्ट्रोडवर डीसी देऊ नका, ध्रुवीकरण होतं. 1 किलोहर्ट्झच्या पुढची एसी वापरा. कॅलिब्रेशन पोटॅशियम क्लोराइडच्या दोन द्रावणांवर करा: 25 अंशांना 1.413 आणि 12.88 मिलीसीमेन्स प्रति सेंमी. दुधाचा आकडा या दोघांच्या मध्ये पडतो. स्निग्धांश आणि प्रथिनांचा थर बसून सेल कॉन्स्टंट (इलेक्ट्रोडच्या मांडणीवर ठरणारा गुणक) सरकतो, तेव्हा किती मोजण्यांनंतर किती सरकतो, ही चाचणी स्वतंत्र टप्पा म्हणून लिहा. पहिल्या धारा टाकून द्यायच्या की मोजायच्या, हेही पद्धतीत ठरवून टाका.

जमाखर्च
दुसऱ्या प्रश्नात एक अट आहे, ती आधी वाचा. स्टार्टअप इंडिया सीड फंडसाठी अर्जाच्या वेळी कंपनीला 2 वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत, आणि केंद्र वा राज्याच्या इतर योजनांतून 10 लाखांहून अधिक पैसा घेतलेला नसावा. म्हणजे बिगचे 50 लाख आधी आले की तो दरवाजा बंद. उलट क्रमाने गेलात तर तो उघडा राहतो. तुमच्या हातात 10 महिने आहेत.

निधी-प्रयासमध्ये प्रोटोटाइपसाठी 10 लाखांपर्यंत मिळतात. ही योजना हातात धरता येणाऱ्या वस्तूसाठी आहे, म्हणून तुम्ही बसता. सीड फंडमधून चाचण्यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्याचा अर्ज पोर्टलवरून, पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटरना (नवउद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या संस्थांना) जातो. खिडकी उघडी आहे का, ते पोर्टलवर पाहूनच आखणी करा. माझं मत विचाराल तर आधी प्रयास, त्यातून यंत्र ब्रेडबोर्डवरून पीसीबीवर (पक्क्या छापील सर्किटवर) आणा, आणि बिगमध्ये फक्त गोठ्यातली पडताळणी मागा. एकाच कामासाठी दोन ठिकाणांहून पैसा घेता येत नाही. कुठलं काम कोणाच्या पैशातून, हे कोष्टकात मांडून दोन्ही अर्जांना जोडा. लपवलेलं ड्यू डिलिजन्समध्ये (पैसा देण्याआधीच्या छाननीत) बाहेर येतं.

बिगच्या फेऱ्या साधारणपणे 1 जानेवारी आणि 1 जुलैला उघडतात. स्वतःची चालू प्रयोगशाळा किंवा इन्क्युबेटरचं सदस्यत्व लागतं. ते शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, तीन महिने आधी बोलणी सुरू करा. पुण्याचं व्हेंचर सेंटर बिगचं भागीदार आहे, तुम्हाला जवळही आहे.

अंदाजपत्रक कामावरून वर चढत जावं. 50 लाखांवरून खाली उतरत आलेलं चटकन ओळखू येतं. एम्बेडेड अभियंता 40,000 × 18 = 7.2 लाख, गोठ्यांवर फिरणारे दोन सहायक 22,000 × 2 × 18 = 7.92 लाख, असं. सहायक पहिल्या सहा महिन्यांत लागणारच नसतील तर 18 ने गुणू नका, परीक्षक तेच पकडतात. सेल काउंटर विकत घेण्याचा मोह टाळा, नमुन्यामागे दर ठरवून तपासणी बाहेरून करा. इंजेक्शन मोल्डचा खर्चही आता नको. डिझाइन बदलणार आहे, व्हॅक्यूम कास्टिंगवर (सिलिकॉनच्या मऊ साच्यात) 25 नग होतात.

पैसा आल्यावर जिथे चुका होतात, ते सांगते. अनुदानासाठी वेगळं बँक खातं ठेवा, त्यातून कंपनीचं भाडं भरू नका. त्यावरचं व्याज तुमचं नसतं, सरकारला परत जातं. मंजुरीच्या तारखेआधीची बिलं धरली जात नाहीत. एका शीर्षातला पैसा दुसऱ्या शीर्षात वापरायचा तर आधी लेखी परवानगी घ्या. ज्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलंत, तो अनुदानाच्या खर्चात दाखवू नका. युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या (पैसा ठरल्या कामावरच खर्चला या दाखल्याच्या) वेळी सीए तिथेच थांबतो. आयकर कायद्यातल्या 2015 सालच्या दुरुस्तीपासून सरकारी अनुदान सर्वसाधारणपणे उत्पन्नात मोजलं जातं, मालमत्तेच्या किमतीतून वजा झालेला भाग सोडून. तेव्हा सीएला करार होण्याआधी गाठा. हप्ते टप्प्यांशी बांधलेले असतात आणि आढावा लांबतो, म्हणून चार महिन्यांचे पगार स्वतःच्या खात्यात हवेत.

कासतपासणी
खूप आभार, दोघांचेही. क्रमाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आणखी दोन गोष्टी: पेटंट आत्ता टाकावं का? आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी बोलायचं झालं तर पत्रात काय मागायचं? जनावरांसाठीचं यंत्र आहे, तर परवाना लागत नसावा असं धरलंय.

सडमोजणी
शेवटचं गृहीतक आधी काढून टाका. वैद्यकीय उपकरणांची 2020 ची अधिसूचना माणसं आणि जनावरं दोन्ही धरते, आणि रोगनिदानाची साधनं तिच्या व्याख्येत येतात. यंत्राचा वर्ग ठरवून घ्या आणि चाचणीसाठी नग बनवण्याचा परवाना, म्हणजे एमडी-12 अर्जावर मिळणारा एमडी-13, लागतो का हे तपासून प्रस्तावाच्या वेळापत्रकात जागा ठेवा. 'नियामक मार्ग' या रकान्यात 'लागू नाही' लिहिलेले अर्ज नाहक गुण गमावतात.

महाविद्यालयाच्या पत्रात 'सहकार्य करू' एवढंच नको. किती गाई, कोणत्या महिन्यांत, पेशी कोण मोजणार आणि कोणत्या उपकरणावर, नमुन्यामागे दर काय, आकड्यांची मालकी कोणाची, एवढं सही-शिक्क्यासह हवं. पिळलेल्या दुधाचा नमुना घेणं शरीराला इजा न करणारं असलं, तरी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडून 'परवानगी आवश्यक नाही' किंवा 'दिली' असं लेखी घ्या. नमुन्यात ब्रोनोपॉल (दूध टिकवणारं रसायन) घातलंत तर ते काउंटरच्या बाटलीतच घाला. संरक्षक मिसळलेलं दूध तुमच्या इलेक्ट्रोडपर्यंत जाता कामा नये, त्यानेही वाहकता बदलू शकते असं धरून चाचणी करा.

पेटंट आत्ता नको, पण कुठल्याही प्रदर्शनाआधी आणि बिगच्या अर्जाच्या आठवडाभर आधी प्रोव्हिजनल (पेटंटचा प्राथमिक अर्ज) टाका. स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये, सोबत फॉर्म 28 (स्टार्टअप असल्याचा). त्या दिवसापासून 12 महिन्यांत पूर्ण विवरण द्यावं लागतं. बिगचा निकाल, करार, पहिला हप्ता यातच बरेच महिने जातात. आज टाकलंत तर गोठ्यातले आकडे येण्याआधीच मुदत संपेल, आणि सडांमधल्या फरकाचा दावा पुराव्याविना लिहावा लागेल.

प्रयोगवही
त्याला जोडून: सादरीकरणात पहिली स्लाइड त्या 20 नमुन्यांच्या आलेखाची ठेवा. आडव्या अक्षावर काउंटरचा आकडा, उभ्यावर सडांमधला वाहकतेचा फरक, आणि जे चार-पाच बिंदू रेषेबाहेर पडतील त्यांच्या शेजारी कारण लिहा. ते बिंदू गाळू नका, प्रश्न त्यांच्यावरच येतात.